रात्रीच्या पाण्यासाठी खिशातली स्वस्त टॉर्च : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळी उरकली, बहीण भाऊबीज करून आज सकाळी परत गेली, आता हे काम हातात घेतो.

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. आमच्या जुन्नर तालुक्यात शेतीच्या लाईनला थ्री फेज लाईट कधी दिवसा असते कधी रात्री. रात्रीची पाळी आली की आण्णा बारा-एकला उठून विहिरीवर जाणार, मोटर चालू करणार आणि मग पहाटेपर्यंत दारं धरणार (पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवत राहणार), गव्हाला कांद्याला पाणी द्यायचं तर दुसरा इलाज नाही. शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, पण आमच्या शिवारात रात्र अजून चुकलेली नाही. एका बाजूला ऊस, उसात बिबट्या (माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, त्यावरून समजा), बांधाला घोणस, आणि हातात काय तर मोबाईल. मोबाईलचा लाईट पायापुरता ठीक आहे पण चार पावलांपुढे काही दिसत नाही, शिवाय एका हातात फावडं एका हातात मोबाईल, पाटात पडला तर उजेडही गेला आणि कुणाला हाक मारायची सोयही गेली.

तर एक खिशात मावणारी, स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात सेल मिळेल अशी टॉर्च घ्यायची, पूर्ण उघडून बघायची, चांगलं काय वाईट काय ते लिहायचं आणि वाईटातलं जेवढं घरी दुरुस्त होईल तेवढं करून आण्णांच्या हातात द्यायची. टॉर्च आणि दुरुस्तीचं सामान मिळून पाचशेच्या आत, सेल सोडून. दोन-तीन हजारांच्या टॉर्च खरंच चांगल्या असतात, पण तेवढ्या किमतीची वस्तू आण्णा चिखलात नेणारच नाहीत, कपाटात जपून ठेवतील. आणि कपाटातल्या टॉर्चचा बांधावर काय उपयोग.

६ नोव्हेंबर, बुधवार

नारायणगावला जाऊन आलो. इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवर तीन जातीच्या टॉर्च होत्या, तिन्ही हातात घेऊन पाहिल्या.

पहिली ती सगळ्यांनी पाहिलेली, नऊ बारीक एलईडीवाली, आत प्लास्टिकच्या डबीत तीन बारीक सेल. शंभरच्या आसपास. हिच्यात सर्किट म्हणून काही नसतंच, तीन सेलचे साडेचार व्होल्ट थेट एलईडीवर, आणि पांढऱ्या एलईडीला लागतात तीन-सव्वातीन. नवीन सेल टाकले की झगमगते, पण तसं चालवून चालवून एलईडी निळसर पडतात आणि एकेक करून जातात. शिवाय ती सेलची डबी, तिचे पत्रे इतके पातळ की टॉर्च हातातून पडली की उजेड येतो-जातो. नको.

दुसरी किचेनएवढी, टाइप सी चार्जिंगची, पिवळ्या पट्टीसारखी एलईडी आणि मागे चुंबक. ही मला आवडली खरं सांगायचं तर, चुंबकाने स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटते, दोन्ही हात मोकळे ठेवून फ्यूज बघता येतो. पण सेल आतच बंद, रात्री दोनला चार्जिंग संपलं तर बांधावर बसून करणार काय. आणि अशा स्वस्त वस्तूंमध्ये बऱ्याचदा टाइप सीच्या सॉकेटजवळचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, मग दोन्हीकडे टाइप सी असलेल्या केबलने त्या चार्जच होत नाहीत, जुनी चपट्या टोकाची केबल शोधावी लागते. दुकानदाराकडे दोन्हीकडे टाइप सी असलेली केबल लावून पाहिली, खरंच चार्ज झाली नाही.

तिसरी घेतली. ॲल्युमिनिअमची, बोटभर लांब, एका पेन्सिल सेलवर चालणारी, पुढे भिंग आणि तोंड मागे-पुढे सरकवून झूम होणारी. २२० रुपये. दोन घेतल्या, एक तीन मोडची आणि एक फक्त चालू-बंद वाली, म्हणजे एक फोडून बघायला मोकळी.

खोक्यावर ‘२००० लुमेन, ५०० मीटर’ असं छापलंय, लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप. त्याचा हिशोब उद्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मल्टीमीटर लावून पाहिलं. शेपटीचं झाकण काढून दहा अँपिअरच्या रेंजवर, ताज्या रिचार्जेबल सेलवर एक अँपिअरच्या आसपास करंट घेते. सेलचा व्होल्टेज १.२, म्हणजे सेलमधून निघते जेमतेम सव्वा वॅट. एवढ्यात सर्किटचा तोटा धरून शंभरेक लुमेन निघाले तरी छान म्हणायचं. २००० लुमेनला वीस वॅटच्या आसपास लागतील, ते एका पेन्सिल सेलमधून येणं शक्य नाही, कुणीही बनवलेली असो. पण शंभर लुमेन म्हणजे कमी नाही हेही तितकंच खरं. आमच्या लहानपणी घरात तीन मोठ्या सेलची पितळी बॅटरी होती, तिच्या बल्बच्या पिवळ्या उजेडापेक्षा हा केव्हाही जास्त आहे आणि वजन तिच्या पावभागसुद्धा नाही.

तीन मोडवाली उघडली. आत अंगठ्याच्या नखाएवढं गोल सर्किट, त्यावर एक कॉइल, दीड व्होल्टाचे तीन व्होल्ट करायचं काम तिचं. एलईडी एका ॲल्युमिनिअमच्या गोल प्लेटवर, त्याखाली थर्मल पेस्ट (एलईडीची उष्णता अंगाकडे नेणारा लेप) असायला हवी ती नावालाच एका कोपऱ्यात. ती पुसून नीट लावली.

मोड तीन, फुल, कमी, आणि तिसरा भगभग करणारा. बंद करून परत लावली की पुढचा मोड येतो. म्हणजे आण्णांनी घाईत बटण दाबलं तर समोर जे काही आहे त्यावर भगभग उजेड पडणार आणि अंतराचा काही अंदाज येणार नाही. कमी मोडवर हात जोरात हलवला की बोटं तुटक तुटक दिसतात, म्हणजे एलईडी खरी मंद होत नाही, नुसती पटापट चालू-बंद होतेय. हे मोडचं सर्किट बदलण्याच्या भानगडीत पडत नाही, चालू-बंद वालीच घ्यायची. दुकानात मागितली तरच देतात, तीन मोडवाली आधी पुढे करतात.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सेल. खोली बंद करून टॉर्च उभी केली, उजेड छताला, आणि बाजूला मोबाईल ठेवून त्यातल्या लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) मोजायच्या ॲपवर दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. ॲपचा आकडा खरा किती यावर भरवसा नाही, पण कमी किती झालं ते बरोबर कळतं.

किराणा दुकानातला साधा सेल अर्धा तास व्हायच्या आतच निम्म्याच्या खाली आला. दोष सेलचाही नाही, तो घड्याळासाठी आणि रिमोटसाठी बनवलाय, एक अँपिअर द्यायला सांगितलं की त्याचा आतला रेझिस्टन्सच सगळं खातो. थोडा वेळ बंद ठेवली तर परत जरा जीव येतो, पण रात्रीच्या पाण्याला हे चालणार नाही. अल्कलाईन पहिला तासभर चांगला, मग हळूहळू उतरत गेला, पण उतरतोय हे डोळ्याला दिसतं, म्हणजे माणूस सावध होतो. रिचार्जेबल, २००० एमएएचचा, जवळजवळ दोन तास सपाट उजेड आणि मग बघता बघता खलास. हा त्याचा गुण आणि हाच अवगुण. आण्णांना सांगायचं की रिचार्जेबल टाकून जा आणि खिशात एक अल्कलाईन ठेवा, हा गेला की तो. अंधारात चाचपडत सेल बदलता येतो, एकच सेल आहे, गोल टोक पुढे, बास. तीन सेलच्या डबीत हे अंधारात जमत नाही.

आणखी एक, जे लोक हमखास करतात. याच मापाचा लिथियमचा सेल मिळतो, १४५०० नावाचा, चौदा मिलिमीटर जाड आणि पन्नास लांब, पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट. तो टाकला की ही टॉर्च दुपटीहून जास्त उजेड देते, व्हिडिओत सगळे तेच दाखवतात. मी मुद्दाम टाळतोय. एक तर या सर्किटला कुठे थांबायचं ते कळत नाही, सेल अडीच व्होल्टाच्या खाली जाईपर्यंत पिळत राहतं आणि असा सेल परत चार्ज करणं धोक्याचं. दुसरं म्हणजे तो दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल. आमच्या घरात सेल संपला की जो हाताला लागेल तो रिमोटमध्ये घालतात. ४.२ व्होल्टाने रिमोट जळेल ते जळेल, पण दोन सेलच्या वस्तूत एक हा आणि एक साधा असा पडला तर साधा सेल उलटा चार्ज होऊन फुटू शकतो. पोरं असलेल्या घरात हा सेल आणायचाच नाही असं माझं मत.

साधा सेल वापरलाच तर संपल्यावर लगेच काढायचा. त्याचं जस्ताचं भांडंच आतून झिजत जातं आणि शेवटी गळतं, मग ते सगळं स्प्रिंगला आणि आट्यांना खातं. जुन्या टॉर्च मेल्यात त्या बहुतेक अशाच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा

देवळात दिवे लावून झाल्यावर तसाच शेताकडे गेलो, चांदणं लख्ख होतं. खोक्यावरच्या ‘मीटर’चा अर्थ समजून घ्यायला याहून बरी रात्र नाही. टॉर्च मोजायचं एक अमेरिकन मानक आहे, एफएल १ म्हणतात, २००९ चं, त्यात अंतर मोजायची रीत अशी की उजेड जिथे पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं अंतर धरायचं. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. आज त्या चांदण्यात उभं राहून बघितलं तर बांध दिसतो, विहिरीचा कठडा दिसतो, पण पायाखाली दोरी आहे की साप ते कळत नाही. म्हणजे मानक पाळून ‘२०० मीटर’ लिहिलेल्या टॉर्चनेसुद्धा २०० मीटरवर एवढंच दिसतं. अंतर चौथाई केलं की उजेड सोळापट, म्हणजे ५० मीटरवर चार लक्स, कामाचं बघणं तिथून पुढे सुरू होतं. आणि ज्या खोक्यावर मानकाचं नावच नाही त्यावरच्या ५०० मीटरला काही अर्थ नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज शेपटीवर काम केलं आणि माझ्या मते या टॉर्चचा सगळा प्रश्न शेपटीतच आहे. उजेड वाईट नाहीच. २२० रुपयांत बसवायला पैसे वाचवलेत ते बटण, स्प्रिंग आणि आट्या यांच्यात.

गेल्या आठवड्यात घरात वापरताना एक-दोनदा उजेड लपकला, झटका दिला की परत येतो. आण्णा म्हणाले, “स्वस्तातली बॅटरी अशीच असती, ठोकायची.” पण ठोकायची वेळ जर ओढ्यात उतरताना आली तर? म्हणून कारण शोधलं. शेपटीच्या झाकणात बटण जागेवर धरायला आट्यांची एक रिंग असते, तिला दोन बारीक भोकं असतात, ती ढिली होती. सेलची उलटी बाजू स्प्रिंगमधून बटणात, बटणातून त्या रिंगमध्ये, रिंगमधून टॉर्चच्या अंगात आणि अंगातून पुढे सर्किटला, असा करंटचा रस्ता आहे. रिंग ढिली म्हणजे रस्ताच तुटका. चिमट्याची दोन टोकं त्या भोकांत घालून घट्ट आवळली. लपकणं तिथेच थांबलं. ज्यांच्याकडे अशी टॉर्च ‘खराब’ म्हणून पडली असेल त्यांनी आधी एवढं करून बघा, फुकट आहे.

नळीच्या मागच्या काठावर काळा थर नसतो, उघडं ॲल्युमिनिअम असतं, तिथेच झाकण टेकतं. त्यावर कारखान्यातलं तेल आणि काजळी होती, खोडरबराने घासून स्पिरिटच्या कापसाने पुसली.

मग स्प्रिंग. ती पोलादाची, तीही बारीक. तिचा रेझिस्टन्स समजा एक दशांश ओहम असला तर एक अँपिअरला ०.१ व्होल्ट तिथेच पडतो. मोठ्या व्होल्टेजच्या टॉर्चला त्याचं काही वाटत नाही, पण आपल्याकडे मुळात आहेतच १.२, त्यातला बारावा हिस्सा स्प्रिंग तापवण्यात गेला. डीसोल्डरिंगची, म्हणजे जुनं सोल्डर शोषून काढायची, तांब्याची विणलेली पट्टी असते, तिचा तुकडा स्प्रिंगच्या मधून खालून वर सोल्डर केला, थोडा सैल ठेवून म्हणजे स्प्रिंग दबली तरी ओढला जात नाही. सोल्डर करताना पट्टी फार वेळ तापवायची नाही, सोल्डर आत शोषलं जाऊन ती कडक होते. छतावरचा आकडा वाढला, फार नाही पण वाढला.

आट्यांना आणि रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस, पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडून बोटभर आणलं, ३० रुपये. आता झाकण लोण्यासारखं फिरतं आणि आट्यांत माती गेली तरी करकर होत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

उसाच्या कडेला पाचट पडलंय तिथे अंधार पडल्यावर बसलो होतो. आईच्या जुन्या तपकिरी ठिपक्यांच्या लुगड्याची पट्टी पिळून घोणसाएवढी केली आणि पाचटात टाकली, मग पुतण्याला सांगितलं जागा बदलत जा आणि मी शोधतो.

या टॉर्चचा मोठा दोष इथे सापडला. उजेड भरपूर, पण निळसर पांढरा, आणि त्यात पाचट, माती आणि ती पट्टी सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडातून बाकीचे रंग काढणारा थर (ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि खरंच मिळायला हवं होतं). स्वस्त एलईडीत फॉस्फर असा असतो की लुमेन जास्त निघतात पण लाल रंग फार कमी. रंग किती खरे दिसतात त्याला सीआरआय नावाचा आकडा आहे, उन्हाचा शंभर, अशा एलईडीचा सत्तरच्या आसपास. आणि घोणस कसली, तपकिरीवर गडद तपकिरी. नेमका जो रंग दिसायला हवा तोच उजेडातून गायब.

हे मी उगाच ताणत नाहीये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज निघाला, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि पायात बूट, या दोन साध्या गोष्टी सगळे डॉक्टर सांगतात. मग टॉर्च घ्यायची तर निदान साप दिसेल अशी घ्यावी.

४००० केल्विनची (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जेवढा कमी तेवढा उजेड पिवळसर), सीआरआय ९० च्या वरची एलईडी गोल प्लेटवर बसवलेली ऑनलाइन मागवली, ९० रुपये. प्लेटचं माप आधी मोजून घेतलं.

दुसरी गोष्ट आज लक्षात आली ती फुकटची आहे. टॉर्च डोळ्याजवळ धरली तर सगळं सपाट दिसतं, कारण सावल्या वस्तूच्या मागे लपतात. तीच कमरेजवळ किंवा छातीजवळ धरली की ढेकळाची, काडीची, पट्टीची सावली बाजूला पडते आणि उठाव येतो. आपल्याकडे कपाळाला बांधायची बॅटरी बरेच जण वापरतात, हात मोकळे राहतात हा तिचा फायदा मोठा, पण पायाखालचं बघायला छातीवरचा उजेड जास्त बरा.

३० नोव्हेंबर, शनिवार, अमावस्या

काळोख्या रात्री झूम कसा आहे ते बघितलं. तोंड आत ढकललं की गोल, एकसारखा, कडेपर्यंत सारखा उजेड पडतो. हा रुंद उजेड खरंच सुंदर आहे, महागड्या टॉर्चलासुद्धा मध्ये एक प्रखर ठिपका आणि बाजूला पसारा असतो, तो चालताना डोळ्यावर येतो. इथे तसं काही नाही, दारं धरताना अख्खा वाफा एकदम दिसतो.

तोंड बाहेर ओढलं की लांब झोत, आणि समोर एलईडीच्या चिपचंच चौकोनी चित्र पडतं. पण भिंग एलईडीपासून लांब गेल्यामुळे बाजूचा बराच उजेड भिंगापर्यंत पोचतच नाही, आतल्या आतच जातो. तरी विहिरीपासून उसाच्या कडेपर्यंत झोत पोचला आणि तिथे दोन डोळे चमकले, वाडीतलं कुत्रं निघालं. बिबट्याचेही असेच चमकतात. त्याला टॉर्चने पळवून लावायच्या भ्रमात राहू नये, पण अंतर ठेवून आधी कळलं, माणूस मोठ्याने बोलत मागे फिरला, एवढा वेळ हा झोत देतो.

४ डिसेंबर, बुधवार

पाणी. बादलीत बुडवली. शेपटीकडून थेंब नाही, ग्रीसचं काम चोख. तोंडाकडून मात्र आत आलं, कारण झूम सरकवताना टॉर्च पिचकारीसारखी हवा आत-बाहेर ओढते आणि हवेबरोबर पाणी. हा दोष झूमच्या रचनेतलाच आहे, ग्रीसने पूर्ण जात नाही. आण्णांना विचारलं, ते म्हणाले लांबचं मला कशाला, वाफा दिसला म्हणजे झालं. म्हणून तोंड रुंद जागेवर ठेवून त्या फटीवर सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा ताणून चढवला. पाऊस आणि पाटातले शिंतोडे आता आत जात नाहीत. कधी झोत हवाच असेल तर ट्यूब मागे सारायची. वर ट्यूबमुळे टॉर्च ओल्या हातातून निसटत नाही आणि बांधावर ठेवली तर घरंगळत नाही, गोल टॉर्चचा हा एक त्रासच असतो.

काळी टॉर्च गवतात पडली तर सापडत नाही म्हणून ट्रॉलीला लावतात त्या रेडियमची पट्टी शेपटीजवळ गुंडाळली.

८ डिसेंबर, रविवार

एलईडी आली. जुनी काढून नवी बसवली, प्लस-मायनस मल्टीमीटरने तपासून, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर. तारा सोल्डर करताना प्लेट उष्णता खेचून घेते त्यामुळे साधं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, टोक जरा जाड लागतं.

छतावरचा आकडा आधीपेक्षा कमी आला, ते अपेक्षितच, रंग सुधारायचे तर लुमेन द्यावे लागतात. पण संध्याकाळी पाचटात तीच पट्टी, तोच पुतण्या. पाचट पिवळं दिसलं, माती लालसर दिसली आणि पट्टी तपकिरी दिसली, नजर तिच्यावर आपोआप थांबत होती. आण्णांना दोन्ही टॉर्च दिल्या, जुन्या एलईडीची आणि नव्या, काही न सांगता. नवी हातात ठेवून म्हणाले, “ही बारीक हाय पण हिच्यात दिसतंय.” मी याच उत्तराची वाट बघत होतो. खोक्यावर लुमेन छापतात, सीआरआय या किमतीला कुणी छापत नाही, आणि शेतात कामाला येतं ते दुसरं.

सोल्डरिंग येत नसेल तर काय? मोबाईल दुरुस्त करणारा हे दहा मिनिटांत करून देतो. तेही नको असेल तर दुकानात दोन-तीन नग लावून हाताच्या तळव्यावर उजेड पाडून बघा, ज्याच्यात तळवा मेलेल्यासारखा निळसर न दिसता जरा गुलाबी दिसेल तो घ्या. एकाच खोक्यातल्या टॉर्चमध्येसुद्धा फरक असतो.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

या आठवड्यात रात्रीची लाईट होती. आईने आण्णांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला छातीवर डाव्या बाजूला इलास्टिकचा एक गाळा शिवून दिलाय, त्यात टॉर्च तिरकी खाली तोंड करून बसते, दोन्ही हात फावड्याला मोकळे. दोन-अडीचला रिचार्जेबल संपतो, तेव्हा अल्कलाईन टाकतात. पहाटे धुकं उतरलं तेव्हा काल मी सोबत होतो. मोबाईलचा लाईट डोळ्यासमोर धरला तर पांढरी भिंत उभी राहते, छातीवरच्या टॉर्चने धुक्यातही वाफ्याची वरंबी दिसत होती, उजेड डोळ्यापासून खाली असल्याचा हा फायदा.

तक्रारी दोन आल्या. थंडीत ॲल्युमिनिअम बर्फागत गार लागतं, त्यावर ट्यूबचा आणखी एक तुकडा चढवला. आणि बटण मागे असल्यामुळे गाळ्यात असताना बंद करायला टॉर्च बाहेर काढावी लागते. याला इलाज नाही, बाजूला बटण असलेली या किमतीत नीट मिळत नाही.

बटणाची मला स्वतःला काळजी आहे. आतले पत्रे बारीक आहेत, एक अँपिअरला कधीतरी जळणार. तसली बटणं सुटी मिळतात, दोन जास्तीची मागवून डब्यात ठेवलीत. आणि म्हणूनच आण्णांच्या डाव्या खिशात ती चुंबकवाली छोटी टॉर्चही ठेवायला लावलीय, ती शेवटी आणलीच. रात्री शेतात एकट्या माणसाकडे एकच उजेड नसावा, मग तो दोनशेचा असो की पाच हजारांचा.

२२ डिसेंबर, रविवार

हिशोब लिहून ठेवतो. टॉर्च २२०, एलईडी ९०, ग्रीस ३०, तांब्याची पट्टी, ट्यूब, इलास्टिक घरातलंच. ३४० रुपये. चुंबकवाली १५०. दोन्ही मिळून पाचशेत बसलं.

तात्यांनी आणि वाडीतल्या आणखी दोघांनी अशीच करून मागितलीय. त्यांच्यासाठी टॉर्च काल आणल्या, या वेळी दुकानात बसून शेपट्या उघडून निवडल्या, ज्यात रिंग घट्ट आणि स्प्रिंग मधोमध त्याच घेतल्या, उजेड शेवटी पाहिला. एकीच्या भिंगाला आतून ओरखडा होता, ती परत ठेवली. दुकानदाराने एवढं उघडू दिलं ते बरं झालं, बरेच जण खोकं फोडू देत नाहीत, तिथे घेऊ नये.

दोन पूर्ण झाल्यात. तात्यांच्या टॉर्चची स्प्रिंग आणि एलईडी राहिलीय, ती मंगळवारपर्यंत व्हायला हवी, त्यांच्या लाईनला गुरुवारपासून रात्रपाळी आहे. गाळा शिवायला त्यांचं स्वेटर आईकडे आलंय. सेल त्यांना आधीच सांगून ठेवलेत, दोन रिचार्जेबल, एक अल्कलाईन.